चौपन्न नंबरची टोपी

मी एक जुनी टोपी आहे. किती जुनी, ते विचारू नका. टोपीला वय विचारू नये, नंबर विचारावा. माझा नंबर चौपन्न.

मित्रांनो, मी गडद निळ्या लोकरीची, गोल आणि बिनकाठाची टोपी. माझ्या जातीला बेरे म्हणतात. पोर्थकॅरो गावाच्या बंदराला लागून पत्र्याच्या छपराची एक बैठी इमारत आहे, तिथे दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता कॅडेट पथकाची पोरं जमतात. कवायत करतात, गाठी मारायला शिकतात, होडी वल्हवतात आणि बिस्किटांवरून भांडतात. तिथल्या कपड्यांच्या कोठीत सगळ्यात खालच्या फळीवर माझा मुक्काम. खालच्या फळीवर का, तर मी सगळ्यात लहान, चौपन्न सेंटिमीटर घेराच्या डोक्याची. माझ्यावर पंचावन्न, छप्पन्न असं करत एकोणसाठपर्यंत नंबर चढत जातात. साठ नंबर नाही. म्हणजे नाही असं मला वाटत होतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. आधी मला चांगली परातीएवढी विणली. मग गरम पाणी आणि साबण घालून अशी काही बडवली, की मी आटत आटत चौपन्नावर आले. लोकरीचं तसंच असतं. गरम पाण्यात मळाल तर ती आटते, घट्ट होते आणि पुन्हा काही मोठी होत नाही. हे तुम्ही ध्यानात ठेवा. ज्याने ठेवायला हवं होतं त्याने ठेवलं नाही, म्हणून तर ही सगळी कथा.

आता पथकातली एक रीत सांगते. नवी टोपी डोक्यावर ठेवली की भाकरीसारखी चारी बाजूंनी पसरते. अशी टोपी घालून रांगेत उभं राहिलं तर पोरं वर्षभर नावं ठेवतात. म्हणून तिला वळण लावायचं असतं. गरम पाण्यात एकदा बुडवायची, गार पाण्यात एकदा बुडवायची, पिळायची आणि ओलीच डोक्यावर चढवायची. बिल्ला डाव्या डोळ्यावर, उजवी बाजू कानाकडे ओढलेली. सुकेपर्यंत काढायची नाही. नुसतं बुडवायचं, बरं का, चोळायचं नाही. माझा रंग कच्चा. त्यामुळे ज्याने ज्याने मला वळण लावलं, तो दुसऱ्या दिवशी निळं कपाळ घेऊन शाळेत गेला.

सगळ्यात लहान असल्यामुळे माझ्या वाट्याला नेहमी नवी पोरं आली. बुजरी, नाक ओढणारी, डावा पाय कुठला ते बुटावर खूण करून लक्षात ठेवणारी. प्रत्येकाने माझ्या आतल्या बाजूला पांढऱ्या शाईने नाव लिहिलं. पण एकही डोकं माझ्याकडे वर्षाहून जास्त टिकलं नाही. पोरांची डोकी वाढतात. अक्कल वाढते म्हणून नव्हे हो, हाडं वाढतात म्हणून! वर्ष सरलं की 'मॅडम, टोपी आवळते' म्हणत मला फळीवर टाकून पोर छप्पन्न नंबर घेऊन मोकळं. मी मनातल्या मनात म्हणायची, जा बाई, मोठी हो. वाईट वाटायचं, नाही असं नाही.

ही मॅडम म्हणजे ज्युएलबाई. दिवसा शाळेत स्वयंपाकीण आणि मंगळवारी संध्याकाळी आमच्या कोठीच्या मालकीण. गळ्यात मोजपट्टी, कानामागे पेन्सिल आणि आवाज असा, की बंदरावरच्या समुद्रपक्ष्यांनीसुद्धा चोचीतली चोरलेली पेस्टी, म्हणजे सारण भरलेली भाजकी करंजी, खाली टाकावी.

फार वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी दोन पोरं एकदमच नाव घालायला आली. एक सेनारा, किडकिडीत पण डोळ्यांत चमक. दुसरा बेकरीवाल्याचा मुलगा पेरन. सेनाराचं डोकं भरलं बरोब्बर चौपन्न. मग पेरनच्या डोक्याला मोजपट्टी लावली आणि ज्युएलबाईंनी ती झटकून पुन्हा लावली.

"साठ!" बाई म्हणाल्या.

बारा वर्षांच्या पोराचं डोकं साठ! रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, याला टोपी नको, छत्री द्या!" झालं. सगळं पथक पोट धरून हसायला लागलं. मीही हसले असते, पण मला तोंड नाही. एक भोक आहे, त्यात लोक डोकं घालतात. बाई सगळ्यांवर डाफरल्या आणि पेरनला म्हणाल्या, "मागवते हो तुझ्यासाठी. पुढच्या महिन्यात ये." पोराने मान हलवली, कान लाल करून बाहेर पडला आणि पुन्हा म्हणून त्या दारात आला नाही.

मी सेनाराच्या डोक्यावर गेले. पोरगी पुढे जहाजावर इंजिनिअर झाली. आणि लग्न कुणाशी केलं? त्याच साठ नंबरशी! संसारात टोपीचा नंबर बघत नाहीत.

या दोघांची मुलगी लोवेना. ती पहिल्यांदा कोठीत आली तेव्हा पथकाने गावासाठी दारं उघडी ठेवली होती, कुणीही यावं आणि बघावं. पोरीने सगळ्या टोप्या उलथ्यापालथ्या केल्या, मला आतून वाचलं आणि किंचाळली, "आईचं नाव! ज्युएल मॅडम, मला ही हवी!"

"वय किती, राणी?"

"नऊ. पण दहावं लागलंय."

"कधी लागलं?"

"काल."

बाईंनी मला तिच्या डोक्यावर ठेवलं. मी घसरून थेट नाकावर. "बारा वर्षं पूर्ण हवीत," बाई म्हणाल्या, "आणि शाळेत आठवीचा वर्ग हवा. दोन्ही. एकावर भागत नाही."

पुढच्या वर्षी आली, मी भुवयांवर. त्याच्या पुढच्या वर्षी आली, तेव्हा मी अशी बेतून शिवल्यासारखी बसले की बाईसुद्धा 'अगं बाई!' म्हणाल्या. पण वय अकरा. मग चौदा ऑक्टोबरला, बाराव्या वाढदिवशी, लोवेना बापाच्या बेकरीतला केशर घातलेला पाव घेऊन हजर.

"मॅडम, बारा पूर्ण! सकाळी सव्वासहाला."

"वर्ग?"

पोरीचं तोंड उतरलं. "सातवी."

"मग सप्टेंबरात ये, शाळेचं नवं वर्ष सुरू झालं की."

"अकरा महिने? मॅडम, मी म्हातारी होईन!"

"मी झालेच की," बाई म्हणाल्या आणि पाव मात्र ठेवून घेतला.

गंमत ऐका. तिच्याच वर्गात जॅगो म्हणून एक मुलगा. त्याचा वाढदिवस तीस ऑगस्टला. त्याला बारावं पूर्ण झालं, पाच दिवसांनी आठवीची शाळा भरली आणि पठ्ठ्या शीळ घालत पथकात दाखल. लोवेना अकरा महिने नखं खात बसली होती आणि तो पाच दिवसांत आत! नशीब म्हणतात ते हेच. दोघं एकाच मंगळवारी रांगेत उभे राहिले. पहिले तीन मंगळवार नुसतं येऊन बघायचं, जमतंय असं वाटलं तर घरच्यांच्या सहीचा अर्ज आणायचा आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी झेंड्यासमोर शपथ घेऊन टोपी घालायची, अशी पद्धत.

तिसऱ्या मंगळवारी मोजपट्टी निघाली. जॅगो चौपन्न. लोवेना सत्तावन्न.

दोन वर्षांत तीन नंबर! बापाचं डोकं घेतलं होतं पोरीने, दुसरं काय. मला ती दोन्ही हातांनी खाली ओढत होती आणि मी वरती टीचभर जागेवर माकडाच्या टोपीसारखी बसले होते.

"सत्तावन्नाची कोरी करकरीत देते तुला," बाई म्हणाल्या.

"मला कोरी नको. आईची हवी."

"अगं, पण ती तुझ्या डोक्यात जात नाही आणि तुझ्या डोक्यातून निघत नाही, मी काय करू?" बाई वैतागल्या, पण त्यांचं मन विरघळलं होतं. "एक आठवडा देते. घरी ने, पाण्यातून काढून डोक्यावर ताणून बघ. पुढच्या मंगळवारपर्यंत बसली तर तुझी, नाहीतर जॅगोची. आणि अर्ज? सही कुठंय?"

"आणते," लोवेना जमिनीकडे बघत म्हणाली.

खरं दुखणं तिथे होतं. ते मला बेकरीत गेल्यावर कळलं. आई समुद्रावर, सही करायची बापाने आणि अर्ज पडला होता फळीवर केशराच्या बरणीमागे. मलाही पोरीने तिथेच ठेवलं. त्यामुळे पुढचा सगळा तमाशा मी पहिल्या रांगेतून पाहिला.

"बाबा, सही."

"करतो गं. हात पिठाचे आहेत."

"आठ दिवस झाले, तुझे हात पिठाचेच आहेत."

"बेकरीवाला आहे मी. कशाचे असणार, शाईचे?"

रोज हेच. पोरगी रोज मला गरम-गार पाण्यातून काढून डोक्यावर ओढायची, रोज तिचं कपाळ निळं व्हायचं आणि मी होते तिथेच. शेवटी सोमवारी संध्याकाळी भडका उडाला.

"बाबा, उद्या शपथ आहे. उद्या सही नसेल तर मला रांगेबाहेर बसवतील. तुला नकोच आहे ना मी जायला?"

पेरनने लाटणं खाली ठेवलं. "नकोय," तो म्हणाला. "तुझी आई बारा वर्षांची असताना त्या दारातून आत गेली, ती अजून धड बाहेर आली नाही. चार महिने घरी, आठ महिने पाण्यावर. आता तूही त्याच दारातून जाणार. मग मी पाव भाजू कुणासाठी?"

"गावासाठी!"

"गाव काय, दुसरीकडून पाव आणेल. मी दुसरी पोरगी कुठून आणू?"

लोवेनाने क्षणभर थांबायला हवं होतं. पण बारा वर्षांचं, म्हणजे जवळजवळ तेरा वर्षांचं पोर थांबेल तर शपथ. ती म्हणाली, "तू स्वतः कधी गेला नाहीस ना, म्हणून तुला कळत नाही!"

पेरनने लाटणं पुन्हा उचललं. कान मात्र लाल झाले, थेट त्या दिवसासारखे. मला इतकं वाटलं, की ओरडून सांगावं, पोरी, गेला होता गं तो, एकदा गेला होता. पण सांगितलं ना, मला तोंड नाही.

मंगळवारी दुपारी लोवेना शाळेत आणि दुकानात शुकशुकाट. पेरन फळीपाशी आला. हात स्वच्छ धुतले, पुसले, अर्ज काढला आणि भरभर सही केली. मग मला उचललं, आतलं 'सेनारा' वाचलं आणि अंगठा फिरवला.

"ओळखलंस का गं मला?" तो म्हणाला. "मी साठ नंबर. माझ्या डोक्यावर बसली नाहीस, ठीक आहे. पण पोरीच्या बसायलाच पाहिजेस. माझं डोकं घेतलंय बिचारीने, तिची काय चूक?"

मित्रांनो, मला गहिवरून आलं. आणि मग त्याने बाह्या सरसावल्या.

आता बेकरीवाल्याचं शास्त्र ऐका. जे लहान आहे ते मोठं कसं करायचं? भरपूर मळायचं आणि उबेला ठेवायचं. पेरनने जन्मभर हेच केलं होतं आणि त्याला कधी अपयश आलं नव्हतं. त्याने कढत पाणी घेतलं. मऊ पडावी म्हणून वर साबणाची चांगली पाव वडी किसून घातली. मग मला ओट्यावर आपटलं आणि मळायला लागला. तळहाताने रेटायचं, दुमडायचं, वळवायचं, पुन्हा रेटायचं. तोंडाने गाणं चालू. मी आतल्या आत किंचाळतेय, अरे माणसा, थांब! कारखान्यात मला असंच आटवलं होतं! पण कोण ऐकतो? चांगली अर्धा तास मळली. मग माझा गोळा केला, भांड्यात ठेवला, वर ओला फडका घातला आणि भट्टीशेजारच्या उबदार कपाटात सरकवला.

"फूग बाई आता," तो म्हणाला आणि गिऱ्हाईक बघायला गेला.

तासाभराने फडका निघाला. पेरनने मला उलटंसुलटं करून पाहिलं. मग त्याने मला स्वतःच्या डोक्यावर ठेवून बघितलं. टाळूपुरती मी झकास बसले. करायला गेला गणपती आणि झाला मारुती!

तेवढ्यात लोवेना आली. निळं कपाळ, दप्तर एका खांद्यावर. तिने मला बघितलं. बापाला बघितलं.

"बाबा, ही काय आहे?"

"टोपी."

"कुणाची?"

"तुझ्या आईची."

"तू... तू तिला मळलंस?"

"थोडंसं."

"आणि ओला फडका कशाला?"

"फुगायला," पेरन इतक्या बारीक आवाजात म्हणाला, की मलाच कीव आली.

लोवेना पिठाच्या पोत्यावर बसली आणि रडायलाच लागली. "मुद्दाम केलंस! मी जाऊ नये म्हणून मुद्दाम केलंस!"

पेरनने अर्ज तिच्या मांडीवर ठेवला. खाली सही होती. तिने ती तीनदा वाचली. नेमका तेव्हाच फोन वाजला. जहाजावरून सेनारा, तिचा मंगळवारचा फोन. चेहरा पडद्यावर, मागे इंजिनाची घरघर. लोवेनाने हुंदके देत सगळं सांगितलं आणि मला फोनसमोर धरलं.

सेनाराने फोन डोळ्यांजवळ नेला. मग जी हसत सुटली! "पेरन, ती टोपी तुझ्यावर तेव्हापासून रुसलेली होती. शेवटी तू तिचा सूड घेतलास म्हणायचं!" मग डोळे पुसत म्हणाली, "लोवेना, तुला बाबाने कधी सांगितलं का गं, त्या मंगळवारी माझ्याबरोबर कोण आलं होतं ते?"

आणि तिने सांगितलं. साठ नंबर, छत्री, लाल कान, सगळं. लोवेना बापाकडे बघत राहिली. काल आपण काय बोलून बसलो ते तिला आठवलं असणार, कारण तिने उठून त्याच्या पिठाने भरलेल्या पोटात डोकं खुपसलं. त्याच्या कपड्यांवर निळा डाग पडला. तो अजून आहे.

संध्याकाळी सातला दोघं पथकात गेली. मी केकच्या खोक्यात. पेरन दारातच थबकला आणि लोवेनाने त्याला हाताला धरून आत ओढलं. ज्युएलबाईंनी खोकं उघडलं.

"अरे वा, केक... ही माझी चौपन्न नंबर?" बाईंचा आवाज चढला. "हे कुणाचं काम?"

"माझं," पेरन म्हणाला. एवढा आडवातिडवा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून उभा. "मॅडम, पोरीचा दोष नाही. अर्जावर सही आहे. टोपीचं काय करायचं ते माझं करा, पण तिला आज रांगेत उभी राहू द्या."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. त्याच्या डोक्याकडे पाहिलं. डाव्या बाजूने पाहिलं, उजव्या बाजूने पाहिलं.

"तू साठ नंबर ना रे?"

"होय, मॅडम."

"पुढच्या महिन्यात ये म्हटलं होतं तुला."

"होय, मॅडम."

"मग उशीर का केलास?"

बाई शिडीवर चढल्या. अगदी वरच्या फळीवर, मोडक्या बिगुलाच्या मागे हात घातला आणि एक पाकीट काढलं. धूळ अशी, की जॅगो चार वेळा शिंकला. पाकिटात कोरी टोपी होती. साठ नंबर. इतकी वर्षं ती माझ्या डोक्यावर बसून होती आणि मला पत्ता नाही!

"तिसऱ्याच आठवड्यात आली होती," बाई म्हणाल्या. "कुणाला देऊ? असलं डोकं पुन्हा गावात झालं नाही."

या वेळी कुणीच हसलं नाही. पेरनने टोपी दोन्ही हातांत धरली. तिच्यावर एक थेंब पडला आणि त्याने घाईघाईने तो पुसला.

"आता काय उपयोग, मॅडम? बारा केव्हाच उलटून गेली."

"आठवी पण झालीये ना?" बाई म्हणाल्या. "मग पात्र आहेस. मोठ्यांसाठी वेगळा अर्ज असतो. तुझी चौकशी होईल, कागदपत्रं होतील, थोडं शिकावं लागेल. आम्हाला कुणीतरी हवाच आहे मंगळवारी. पोरांची बिस्किटं पुरत नाहीत."

लोवेनाने त्या संध्याकाळी सत्तावन्न नंबरच्या टोपीत शपथ घेतली. टोपी भाकरीसारखी पसरलेली, कपाळ निळं, पण पोरीचा आवाज खणखणीत होता. जॅगोला पंचावन्न दिली आणि आत वर्तमानपत्राची घडी घातली. फोन खिडकीत उभा करून ठेवला होता, त्यातून जहाजावर टाळ्या वाजल्या.

पेरनचे कागद व्हायला चार महिने लागले. मग एका बुधवारी सकाळी पाव घ्यायला आलेल्या सगळ्या गावाने पाहिलं, बेकरीवाल्याचं कपाळ निळं! त्याने टोपी फक्त बुडवली होती. मळली नव्हती.

आणि मी? माझा नंबर आता पन्नास. बारा वर्षांच्या कुठल्याही डोक्यात मी जात नाही. कोठीबाहेर फेकतील असं वाटलं होतं. पण बाईंनी दाराजवळ खुंटीवर टांगलं. नऊ वर्षांची, दहा वर्षांची पोरं येतात, 'आम्हाला घ्या' म्हणतात. पूर्वी मी त्यांच्या नाकावर घसरायची. आता अशी फिट्ट बसते की बस्स! पोरं आरशात बघतात, सलाम ठोकतात आणि बाई वहीत त्यांचं नाव लिहितात, पुढे 'बारा पूर्ण, आठवी' कधी होणार ती तारीख घालतात. आता माझ्यापेक्षा कुणाचं डोकं मोठं झालं तरी मला वाईट वाटत नाही. मोठं झालं म्हणजे त्याची वेळ आली.

मित्रांनो, तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. लोकर कढत पाण्यात घालू नका आणि घातलीच तर मळू तरी नका. तुमची वेळ यायची असेल तर वाट बघा, पण दार विसरू नका. आणि रांगेत कुणाची टोपी बसली नाही तर हसू नका. मी आटले तेव्हा माझ्या आतली सगळी नावं एकमेकांना खेटली. 'सेनारा'च्या खाली इवलीशी जागा उरली होती. तिथे लोवेनाने पांढऱ्या शाईने आपलं नाव लिहिलं आणि मग पेन बापाच्या हातात दिलं.

त्याने हात धुतले, पुसले आणि लिहिलं, 'पेरन'.